मोज्यातला लसूण

उइसोंगच्या पेठेत फुकट वाटली जाणारी वस्तू माल्जाने घेतली नाही, असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. बँकेचं कॅलेंडर, शेतकी संघाचे हातमोजे, निवडणुकीच्या दिवसांतले हातपंखे, नव्या दुकानाच्या उद्घाटनाच्या तांदळाच्या वड्या, सगळं तिच्या घरी यायचं. बदल्यात तिच्या घरातून मात्र काही जायचं नाही. “घ्यायला दोन हात, द्यायला एकही नाही,” असं तिची धाकटी जाऊ योन्सिम म्हणायची. पण तेही सामाईक भिंतीच्या पलीकडून आणि हळूच.

त्या फुकटच्या वस्तूंत एक आरसाही होता. गोल, लांब दांड्याचा. आरोग्य केंद्रातल्या तरुण डॉक्टरने तो शरद ऋतूत तिला दिला होता. “आजी, साखरेने तुमच्या पायांच्या नसा खराब झाल्यात. रोज झोपण्याआधी ह्यात तळपाय बघायचे. फोड, जखम, काळं-निळं काही दिसलं की तडक इकडे यायचं. पायाला नाही कळलं तरी डोळ्याला कळलं पाहिजे. आणि गरम काही लावायचं नाही. शेक नाही, तापलेल्या जमिनीवर पाय पसरून झोपणं नाही, काही नाही.”

माल्जाने दोन्ही हातांनी आरसा घेतला, कमरेत वाकून आभार मानले आणि घरी जाता जाता तो लसणाच्या शेतातल्या पर्सिमनच्या झाडाला टांगून टाकला. ऊन पडलं की तो चमकायचा आणि पिकल्या फळांवर टपलेली पाखरं उडायची. “स्वतःचे तळवे न्याहाळत बसायला मी काय लग्नाची नवरी आहे?” ती योन्सिमला म्हणाली. “पाखरं तरी घाबरतात त्याला.”

साखर दोघींनाही होती. दोघींचे नवरे सख्खे भाऊ. जाताना ते मागे दोनच गोष्टी ठेवून गेले, एक भिंत आणि एक शेत. साखर मात्र जिची तिने कमावली. आणि साखरेमागून आली ती पायांची आग. दिवसा मुंग्या, आणि अंथरुणात शिरलं की तळपायांत जणू कुणी मिरचीचं बी कुटायला बसलंय. रजईचा स्पर्श सोसवायचा नाही. डॉक्टरच्या गोळ्यांनी माल्जाला दिवसा पेंग यायची, म्हणून ती अर्धी गोळी घ्यायची आणि उरलेली अर्धी जपून ठेवायची. कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. उरलेली वस्तू टाकायची नाही, एवढंच.

नववर्षाच्या सणाला मुलगा तेसोप बायकोला घेऊन देगू शहरातून आला. पूर्वजांपुढे पानं मांडून झाली, सूप पिऊन झालं. मुला-सुनेने जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. आशीर्वाद देऊन माल्जा उठायला गेली आणि तिचा तोल गेला. कपाटाचा दरवाजा हाताशी होता म्हणून बरं.

“आई, पायाला काय झालंय?”

“काय व्हायचंय? मुंग्या आल्यात. बसून बसून.”

“मुंग्या मागच्या सणालाही होत्या.”

“मग त्याच असतील. जुन्या आहेत, माझं घर सोडून कुठे जातील बिचाऱ्या?”

सून हसली. तेसोप हसला नाही. तो महापालिकेत फायली तपासायचा. कागदात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलं नाही हे बघायची त्याला सवय. “आमच्या घराजवळ एक वृद्धाश्रम आहे,” तो म्हणाला. “चांगला आहे. नर्सा आहेत, वेळेवर जेवण आहे, कठडे आहेत धरायला.”

“कठडे गुरांच्या गोठ्यालाही असतात.”

“मस्करी नको, आई. इथे पडलीस तर योन्सिमकाकू तुला उचलणार? तिला कोण उचलणार?” मग जरा थांबून त्याने हिशेबच मांडला. “जूनमध्ये लसूण काढायला मी येतो. त्या दिवशी तू आपल्या पायांवर उभी राहून वाफे काढलेस, तर मी पुन्हा आश्रमाचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर शेत विकायचं आणि मुकाट्याने माझ्याबरोबर यायचं. कबूल?”

“कबूल. आणि मी उभी राहिले तर तुझ्या बायकोनेही दिवसभर ओणवं व्हायचं. कबूल?”

आता सूनही हसली नाही.

त्या दिवसापासून माल्जाने पाऊल झाकलं. जाड सुती मोजे, घरातही आणि दारातही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माल्जाच्या मोज्यात तर अख्खं शेत होतं.

सणानंतर पेठेमागच्या बंद पडलेल्या लग्नाच्या हॉलमध्ये दिवे लागले. अशी मंडळी दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात येतात. भाड्याचा हॉल, चटया, माइक आणि चकाकत्या कोटातला एक गडी. गावातल्या म्हाताऱ्यांना बोलवायचं, दारातच हातावर अंडी नाहीतर टॉयलेट पेपर ठेवायचा, जुनी रडकी गाणी म्हणायची, नाचवायचं, हसवायचं. हसून हसून डोळ्यांना पाणी आलं की त्या पाण्यात आपला माल सोडायचा. तक्रारी सुरू झाल्या की चटया गुंडाळून पसार. गावाला हे सगळं ठाऊक असतं. तरी हॉल भरतो.

ह्या खेपेच्या गड्याचं नाव प्यो. सगळे त्याला प्यो मॅनेजर म्हणत. त्याच्याजवळ ‘नऊडोंगरी मलम’ होतं. नऊ डोंगरांवरच्या मुळ्या, पायांच्या आगीवर रामबाण, सैन्यातल्या मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या सासवा वापरतात असं बरंच काही. हॉलमधली प्रत्येक बाई त्याची आई होती.

“ज्याला शंभर आया, तो एकीच्याही मयताला जात नाही,” असं माल्जा म्हणाली आणि पहिल्याच दिवशी हॉलमध्ये जाऊन अंडी घेऊन आली. नियम साधा होता, फुकट ते घ्यायचं आणि गाणं संपायच्या आत उठायचं. तिच्या डोक्यात सगळ्यांची खाती होती. कुणी किती डबे घेतले, कुणी मुलापासून लपवून घेतले, कुणी लपवूनही पकडली गेली. स्वतःच्या खात्यावर तिने रेघही ओढू दिली नव्हती.

योन्सिम मात्र पहिल्या आठवड्यातच विकली गेली. गोल चेहऱ्याची, मूल-बाळ नसलेली, कुणीही काही सांगावं आणि हिने “अगोबाई, खरंच?” म्हणावं, अशी बाई. डबा विकत घेणाऱ्यांना प्यो मॅनेजर एक खास मान द्यायचा. कोमट पाण्याचं घमेलं घेऊन तो गुडघ्यांवर बसायचा आणि त्यांचे पाय स्वतःच्या हातांनी धुऊन, पुसून मलम लावायचा. रोज.

“योन्सिम आई, ह्या दोन बोटांमध्ये आज लाल दिसतंय. घट्ट बूट घातलात ना?”

“बाजारात गेले होते रे.”

“मग मला सांगायचं, मी पाठीवर घेऊन गेलो असतो.”

योन्सिम सोळा वर्षांच्या पोरीसारखी लाजली. मागे अंड्यांची पिशवी सांभाळत बसलेली माल्जा शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने पुटपुटली, “बैल घेताना खूर बघतात, तसा बघतोय बघ.”

प्योच्या कानांवर ते गेलंच. त्याचा धंदाच कानांवर चालायचा. “माल्जा आई! अंडी तेवढी रोज नेता. आज पाय तरी द्या माझ्या हातात.”

“पाय तुला दिला तर घरी कशी जाऊ?”

“धुऊन परत देतो की!”

“परत देणारा माणूस असला कोट घालत नाही.”

हॉल खदखदून हसला. प्योही हसला, पण त्याचे डोळे तिच्या मोज्यांवर क्षणभर थांबले. माल्जाने पाय चटईखाली ओढून घेतले.

घरी येताना तिने योन्सिमच्या डब्यात बोट बुडवून हुंगलं. “पुदिना, मिरची आणि वर मेण. नऊ डोंगर कशाला हवेत? आपलं परसदार पुरे.”

“पण झोप लागते हो, जाऊबाई.”

“गारव्याने लागते. बर्फावर पाय ठेव, फुकट लागेल.”

“बर्फ काही ‘आई, आज कसं आहे’ म्हणून विचारत नाही,” योन्सिम म्हणाली आणि दार लावून घेतलं.

माल्जा काही बिनऔषधाची बसली नव्हती. ज्या गावात लेकरं दात येण्याआधी लसूण चाखतात, तिथली ती बाई. तिच्याकडे सासूची विद्या होती. लसणाची मोठी पाकळी निवडायची, तिची जाडसर चकती कापून दुखऱ्या जागी ठेवायची. रानदवण्याचा पाला वाळवून कुटला की कापसासारखा मऊ होतो. त्याची बोराएवढी गोळी चकतीवर ठेवून पेटवायची. पाला धुमसतो, लसणाचा रस तापून खाली उतरतो. आगीने आग निघते. सासूने ह्याच इलाजाने तिची कंबर, नवऱ्याचा खांदा आणि एकदा बैलाचा गुडघासुद्धा बरा केला होता. लसूण घरचा, दवणा बांधावरचा. काडीपेटी तेवढी विकतची, आणि तीही हॉलमध्ये फुकट मिळाली होती.

पहिले काही दिवस तिने ओठ चावून सोसलं. डाव्या पायाला कमी, उजव्याला जास्त. कारण उजवा जास्त जळायचा. गोळी पूर्ण जळेपर्यंत हलायचं नाही, हा सासूचा दंडक. मग मार्चच्या शेवटी एके संध्याकाळी गोळी जळून राख झाली आणि माल्जाच्या ध्यानात आलं की आपण ओठ चावलेलाच नाही. काही लागलंच नाही. त्या रात्री उजव्या पायात मिरचीही कुटली गेली नाही. ती रजई अंगावर घेऊन सकाळपर्यंत झोपली. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा.

सकाळी तिने भिंतीवर थाप मारली. “योन्सिम! तुझ्या त्या पोराला सांग, आता त्याला दहावा डोंगर शोधायला लागणार!”

तळव्याचं कातडं कडक झालं होतं आणि अंगठ्याखाली पाणी धरलं होतं, ते तिला हाताला जाणवलं. ती घाबरली नाही. औषध खरं असेल तर आधी बिघाड होतो, आतलं विष बाहेर पडताना कातडी फुटते, हे तिथे प्रत्येक म्हातारीला पाठ होतं. प्योसुद्धा तेच सांगायचा: “आई, वाईट झालं की समजायचं, लागू पडलं!” एवढ्या एका बाबतीत माल्जाचं त्या ठकाशी एकमत होतं. तिने गोळ्या पेटवणं थांबवलं आणि विष ओढून घ्यायला ठेचलेला लसूण कोबीच्या पानात गुंडाळून तळव्याला बांधला. वरून मोजा. रोज नवं पान, नवा लसूण. चार भिंतींत काय, वेशीबाहेरही कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. उइसोंगमध्ये लसणाचा वास हा वास नसतोच. हवाच तशी असते.

एप्रिलमध्ये हॉलमध्ये एक गोष्ट घडली, ती माल्जाने पुढे महिनाभर चवीने सांगितली. योन्सिमचा पाय धुता धुता प्यो मॅनेजर मध्येच थांबला. त्याने बोटं फाकवून पाहिली, दिव्याकडे वळवून पाहिली आणि त्याचं गाणंच बंद झालं. माल्जा अंडी घ्यायला पुढेच उभी होती, म्हणून तिला सगळं ऐकू आलं.

“आई, इथे जखम झाली आहे. आतून ओली आहे.”

“मग मलम जरा जास्त लाव.”

“नाही नाही, मलम नको. आजच डॉक्टरकडे जा. आत्ताच. मी गाडीने सोडतो.” मग आवाज आणखी खाली आणून, “पण माझ्या मलमाचं नाव घेऊ नका तिथे. बूट लागला म्हणा.”

योन्सिम गेली. डॉक्टरने जखम साफ केली, औषधं दिली, रोज पट्टी बदलायला बोलावलं. लसणाचे कोवळे दांडे उपटायची वेळ आली, तोवर जखम भरूनही आली.

“चोर स्वतःच पोलिसात जा म्हणतो, ह्याहून मोठी जाहिरात कुठली?” माल्जा अंगणात दांडे निवडता निवडता म्हणाली. “एवढे डबे रिकामे केलेस आणि शेवटी डॉक्टरच. मला बघ. ना डबा, ना डॉक्टर.”

“दाखवा बघू.”

“काय?”

“पाय. बरा झालाय ना? मग दाखवा.”

“बरी झालेली वस्तू काय दाखवायची? बाजारात मांडायची आहे का?”

योन्सिमने हातातली जुडी खाली ठेवली. “जाऊबाई, तुम्ही लंगडता अजून.”

“वय झालंय. तूही लंगडतेस.”

“मी दुखतं म्हणून लंगडते. तुम्ही कुठे पाय टाकताय ते तुम्हालाच कळत नाही, तशा चालता.”

माल्जाने तिच्याकडे असं पाहिलं की योन्सिमने पुन्हा जुडी उचलली. पण बोलणं तिला लागलं. आणि माल्जाला लागलेली गोष्ट ती स्वतःजवळ ठेवत नसे, कुणाच्या तरी पदरात टाकत असे.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये अनुभव सांगण्याचा कार्यक्रम होता. बायका उठत होत्या, मलमाचे गुण गात होत्या, टाळ्या घेत होत्या. प्योने सवयीने विचारलं, “आणखी कुणा आईला काही सांगायचंय?” आणि माल्जा उभी राहिली.

“मला सांगायचंय,” ती म्हणाली. “माझेही पाय जळायचे. आता नाहीत.” तिने उजवा पाय उचलून लाकडी जमिनीवर धाडकन आपटला. एकदा, पुन्हा एकदा. “काही लागतं का? काही नाही! कुणी केलं? ह्या कोटवाल्याने नाही. आपल्या लसणाने. तुमच्या छपराला टांगलेल्या लसणाने! तुम्ही सोनं घरी टांगून ठेवलंय आणि इथे मेण विकत घेताय.”

आधी एक जण हसली, मग दुसरी, आणि मग अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. मागची कुणीतरी ओरडली, “माल्जालाच मॅनेजर करा!” प्योने माइक घट्ट धरला. हसू तेवढं टिकवून म्हणाला, “वा, आई! मग मोजा काढून दाखवा सगळ्यांना.”

“तुला माझा पाय बघायची फार हौस. आधी तुझे नऊ डोंगर दाखव!”

हॉल इतका हसला की पुढे गाणं झालंच नाही. त्या दिवशी एक डबाही विकला गेला नाही, आणि आठवडा सरायच्या आत चटया गुंडाळल्या गेल्या. प्योची मुदत कदाचित संपतच आली असेल. पण गावाने आणि माल्जाने ते माल्जाच्याच खात्यावर जमा केलं. बायका तिला वाटेत थांबवून चकती किती जाड कापायची ते विचारू लागल्या. नाकाने कांदे सोलणाऱ्या बाईला गावाने अख्खा लसूणच सोलायला दिला म्हणायचा.

योन्सिम दोन दिवस रडली. मग एका दुपारी घमेल्यात कोमट पाणी घेऊन माल्जाच्या अंगणात आली. “हॉल गेला,” ती म्हणाली. “आता आपणच एकमेकींचे धुऊया. आज मी तुमचे, उद्या तुम्ही माझे.”

माल्जाने मोज्याकडे पाहिलं. मोज्यात काहीतरी ओलसर होतं, ते तिला मोज्याच्या रंगावरून कळत होतं. आतून काही कळत नव्हतं. दाखवावं का? पण योन्सिमच्या पोटात काही राहत नसे. आज बघेल, उद्या देगूला फोन करेल. लसूण काढायला किती दिवस उरलेत? थोडेच.

“माझे पाय धुऊन तुला काय मिळणार?” ती म्हणाली. “मी विकत काही घेत नाही.”

योन्सिमने पाणी फुलझाडाला ओतलं आणि गेली.

जूनमध्ये लसणाची पात पिवळी पडली आणि तेसोप आला. सुनेने नवी टोपी घातली होती. भल्या सकाळी चौघं शेतात उतरली. माल्जा सगळ्यांच्या पुढे. फावडं टोचायचं, माती सैल करायची, मुठीत पात धरून गड्डी ओढायची, माती झटकायची, आडवी ठेवायची. तिचे हात ते डोळे झाकून करायचे. पाय मात्र ती डोळे उघडे ठेवून टाकत होती; न बघता टाकलेला पाय कुठे पडेल याचा नेम नव्हता. उन्हं वर आली. तिला हुडहुडी भरत होती आणि घामही येत होता. ऊन लागलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. झाडावरच्या आरशाची चमक अधूनमधून तिच्या डोळ्यांत जायची आणि ती तोंड फिरवायची.

दुपारी सून वाफ्याच्या कडेला बसली. माल्जा उभीच होती. “काय गं? शहरात ओणवं व्हायला शिकवत नाहीत?”

तेसोप कमरेवर हात ठेवून आईकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुटल्यासारखं काहीतरी होतं. आई ठीक आहे. आता त्याला काही ठरवायचं नाही, कुणाची मनधरणी करायची नाही, दर रविवारी आश्रमात जायचं नाही. माल्जाने ते पाहिलं. इतरांच्या चेहऱ्यांवरची बेरीज तिला नेहमीच पटकन जमायची. मुलगा हरला आणि त्याला आनंद झाला, एवढं तिला दिसलं. त्याचं कारण मात्र तिने त्या दिवशी तपासलं नाही.

संध्याकाळी अंगणात डुकराचं मांस भाजलं, नव्या लसणाच्या पाकळ्या निखाऱ्यावर टाकल्या. तेसोपने सोजू दारूचा छोटा पेला दोन्ही हातांनी आईपुढे धरला. “हरलो मी, आई. शेत तुझं, घर तुझं. मी पुन्हा नाव काढणार नाही.”

“सगळ्यांसमोर म्हण. योन्सिम, ऐकलंस ना?”

“ऐकलं, जाऊबाई.”

माल्जाने पेला रिकामा केला, भांडी उचलायला म्हणून उठली आणि तिथेच कोसळली.

अंग तापलं होतं. तेसोप फोन करायला धावला. योन्सिम पायाशी बसली. अर्धवट शुद्धीत माल्जाने पाय आखडायचा प्रयत्न केला, पण पायाने ऐकलं नाही. मोजा निघेना. तो चिकटला होता. योन्सिमने पाणी आणलं, थेंब थेंब करून तो भिजवला, हळूहळू सोडवला. आधी कोबीचं पान निघालं. मग लसूण निघाला, काळा पडलेला. मग लसणाखालून दुसरा वास वर आला, आणि त्या गावातसुद्धा त्याला हवा म्हणता आलं नाही. सून तोंडावर हात धरून बाहेर पळाली. तेसोप फोन कानाला तसाच धरून उभा राहिला. पलीकडचा माणूस “हॅलो, हॅलो” करत होता.

देगूच्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय गेला. डॉक्टर तेसोपला म्हणाला, “एवढं होईपर्यंत दुखलं कसं नाही?” आणि उत्तर खाटेवरून आलं: “दुखत होतं. मीच बरं केलं.”

पुढचं सगळं शांतपणे झालं. शेत विकलं गेलं. आश्रम तोच, घराजवळचा. नर्सा होत्या, वेळेवर जेवण होतं, कठडेही होते. तेसोप दर रविवारी यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा आणि भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवायचा. दोघांतलं कुणीही त्या पैजेचं नाव काढत नसे. माल्जाला तिथेही चहाबरोबर फुकट बिस्किटं मिळायची. ती घ्यायची आणि उशीखाली ठेवायची.

पर्सिमन पिकायच्या दिवसांत योन्सिम बस पकडून भेटायला आली. पिशवीत घमेलं होतं, टॉवेल होता आणि प्योचा शेवटचा डबा.

“दुखतं का अजून?” तिने विचारलं.

“आग होते. जुन्या आगीसारखीच.”

“कुठे?”

माल्जाने हनुवटीने दाखवलं. तिथे चादर सपाट होती.

योन्सिम डबा उघडून बसली. बोटावर मलम घेतलं आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. कुठे लावायचं, हे विचारायला तिने वर पाहिलं. सगळ्या गावाला चकतीची जाडी सांगणाऱ्या माल्जालाही ते सांगता आलं नाही. योन्सिमने बोट टॉवेलला पुसलं.

“तो ठक आहे हे तुला कळलं होतं की नाही?” माल्जाने विचारलं.

“कळलं होतं की. पहिल्याच दिवशी.”

“आणि तरी डबे घेत राहिलीस?”

“ठक होता,” योन्सिम म्हणाली, “पण बोटं फाकवून बघायचा.”

माल्जाने तोंड खिडकीकडे वळवलं. योन्सिमने नळाचं पाणी आणलं, कोपर बुडवून पाहिलं, आणि माल्जाचा उरलेला पाय, डावा, उचलून घमेल्यात ठेवला. बोटांच्या फटी, टाच, सगळं ती धूत होती. तोंडाने प्योचंच कुठलं तरी रडकं गाणं गुणगुणत होती आणि बहुधा तिला ते कळतही नव्हतं.

“पाणी जास्त गरम नाही ना, जाऊबाई?”

माल्जा पाण्याकडे बघत होती.

“जाऊबाई?”

“मला काय विचारतेस?” माल्जा म्हणाली. “मला कळत नाही.”

योन्सिमचे हात पाण्यात थांबले. “ह्याही पायाला?”

“ह्याही.”

योन्सिमने पाय बाहेर काढला, टॉवेलात गुंडाळला आणि एकेक बोट कोरडं करू लागली. शेजारच्या खाटेवरची म्हातारी कुतूहलाने बघत होती. तिच्याकडे पाठ करून माल्जाने विचारलं, “शेताच्या नव्या मालकाने झाडं तोडली का?”

“नाही. फळं लागलीत यंदा भरपूर. तुमचा आरसाही तसाच लटकतोय.”

“तो काढून आण.”

“आता कशाला?”

“शेत विकलं,” माल्जा म्हणाली. “आरसा नव्हता विकला.”